आसईच्या लढाईतला जर्मन सेनापती: कोण होता कर्नल पोलमन?

आसईची लढाई म्हटली की इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे नाव पुढे येते. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील या गावाजवळ दौलतराव शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व एका जर्मन माणसाकडे होते. त्याचे नाव अँथनी पोलमन.

सार्जंट ते कर्नल

पोलमन जर्मनीतील हॅनोव्हरचा. इंग्लंडचा राजा हॅनोव्हरचाही शासक असल्याने तिथल्या पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीला भारतात आल्या होत्या. त्यांपैकी एका पलटणीत तो सार्जंट होता. ती नोकरी सोडून तो शिंद्यांच्या चाकरीत आला. महादजी शिंद्यांनी द बॉयन या फ्रेंच भाषक अधिकाऱ्याकडून युरोपीय पद्धतीची पायदळ फौज उभी करून घेतली होती. त्याच फौजेत पोलमन ब्रिगेडचा प्रमुख झाला. १८०० मध्ये जयपूरकरांविरुद्ध मालपुऱ्याच्या लढाईतही तो होता.

आसईला काय घडले?

मराठ्यांचे कवायती पायदळ सुमारे १० हजार, तोफा शंभराच्या आसपास. शिवाय शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे हजारो घोडेस्वार. वेलस्लीकडे सैन्य त्या मानाने फारच कमी. त्याने समोरून हल्ला न करता केळना नदीचा दूरचा उतार गाठला आणि तो बाजूने चालून आला. पोलमनने लगेच सारी रांग वळवून केळना आणि जुई या नद्यांच्या मध्ये नवी आघाडी उभी केली. इतक्या झटपट हालचालीची इंग्रजांना अपेक्षा नव्हती.

मग पराभव का झाला?

शिंदे आणि भोसले रणांगण सोडून गेले. बहुतेक घोडदळ लढाईत उतरलेच नाही. तोफखान्यातील गोलंदाज मात्र शेवटपर्यंत तोफांजवळून हलले नाहीत. इंग्रजांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,६०० जण कामी आले किंवा निकामी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. उरलेले पायदळ जुई ओलांडून मागे हटले.

पुढे काय?

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अहमदनगर आणि भडोचसह मोठा मुलूख गमावला. वेलस्लीने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. पोलमन मात्र लवकरच इंग्रजांच्याच नोकरीत गेला. भाडोत्री सेनापतीला धनी बदलता आला. तोफांजवळ पडलेल्या गोलंदाजांना ती सोय नव्हती आणि त्यांची नावेही इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात.