देशोदेशीचा न्याय आपल्या दारी आणणारे बॅरिस्टर : बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर

तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, माता सावित्रीबाई, राजर्षी शाहू महाराज आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून हा लेख आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आम्ही सादर करीत आहोत.

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. महूचा जन्म, रामजी सुभेदारांचे वळण, माता रमाईचा त्याग, चवदार तळे, नागपूरची दीक्षाभूमी, हे सारे दर जयंतीला सांगितले जाते आणि सांगायलाच पाहिजे. पण बॅरिस्टर म्हणून बाबासाहेबांनी काय केलं, कोणकोणत्या देशांचे कायदे धुंडाळून त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं, हे फारसं बोललं जात नाही. म्हणून या वेळी तेवढीच बाजू आम्ही मांडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती. कायद्याने बेडी तुटते, पण माणसाच्या मनातली तुटत नाही, याचा पुरावाच तो देश होता. पुढे १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसा-पैसा साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ ला बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले.

महाडचा संगर आपल्याला ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. पण त्यानंतर कोर्टात काय झाले, ते ऐका. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही जुनी वहिवाट आहे, असा दावा सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये लावला आणि कोर्टाकडून मनाईहुकूम मिळवला. त्याच महिन्यात सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडात जमले होते. लोक तापलेले होते. बाबासाहेबांनी शब्द टाकला असता तर तळ्यावर मुंगीलाही जागा उरली नसती. पण त्यांनी मनाईहुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा झगडा कोर्टात नेला. महाडचे कोर्ट झाले, ठाण्याचे झाले, शेवटी १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल दिला. तशी पूर्वापार वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे ठरले आणि आपण जिंकलो. एका तळ्यासाठी जवळजवळ दहा वर्षे! एवढा धीर धरणारा पुढारी दुसरा दाखवा.

आता गोलमेज परिषदेकडे येऊ. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला पहिली परिषद भरली. बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन तिथे आपले प्रतिनिधी होते. दोघांनी एक लेखी योजना सादर केली. राखीव जागांबद्दल सगळे बोलतात, पण त्या योजनेत न्यायाची जी कलमे होती ती वाचून आम्ही थक्क झालो. समान नागरिकत्वाचे कलम त्यांनी अमेरिकेच्या घटनेतील चौदावी दुरुस्ती आणि आयर्लंडचा १९२० चा कायदा यांच्या आधारे मांडले. रस्ता, पाणवठा, धर्मशाळा, वाहन यांवर हक्क सांगताना गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांसाठी अमेरिकेत झालेले १८६६ व १८७५ चे कायदे पुढे ठेवले. आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, या मागणीसाठी ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढला.

हे बहिष्काराचे कलम काय मोलाचे आहे, ते खेड्यातल्या माणसाला विचारा. मारहाण झाली तर वळ दिसतो. पण किराणा बंद, गिरणीवर दळण बंद, रानातलं काम बंद, वाटेने जाणं बंद, असं गावानं ठरवलं की अंगावर वळ नसतो आणि घरात चूल पेटत नाही. बाबासाहेबांनी १९३० साली लंडनमध्ये मागितलेली ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा म्हणून २०१६ साली मंजूर झाली आणि २०१७ पासून लागू झाली. मधे ८६ वर्षे गेली.

दुसऱ्या देशाचं सगळंच चांगलं, असंही बाबासाहेबांनी मानलं नाही. अमेरिकेतला तो १८७५ चा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने १८८३ मध्ये रद्द केला होता. घटना फक्त सरकारला बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला नाही, असं त्याचं कारण होतं. आपल्या घटनेत ही फट राहिली नाही. कलम १५ मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, घाट यांची नावे घेऊन बंदी आहे, आणि कलम १७ ने अस्पृश्यता पाळणारा कुणीही असो, तो गुन्हेगार ठरतो.

तारखा पाहा. कलम १७ घटना समितीत मंजूर झाले २९ नोव्हेंबर १९४८ ला. आमच्या भागात निजामाची राजवट संपून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. हक्क बुडाला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येईल, हे आजचे कलम ३२ मंजूर झाले ९ डिसेंबरला. या कलमाला बाबासाहेब घटनेचे हृदय मानत. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. घटना २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्यालाही लागू झाली. तेव्हा परभणी जिल्ह्याचा तालुका असलेल्या हिंगोलीतल्या माणसाला दिल्लीच्या माणसाइतकाच हक्क मिळाला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

जगाकडे दाद मागण्याचा विचारही त्यांनी सोडला नव्हता. १९४६ ला अमेरिकेतले काळ्यांचे विद्वान पुढारी डु बॉईस यांना त्यांनी पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. दुःख सारखे असेल तर औषधही एकमेकांना विचारावे, हा त्यामागचा भाव आम्हाला दिसतो. मजूरमंत्री असताना सरकार, मालक आणि कामगार यांना त्यांनी एका टेबलावर बसवले, आणि १९४६ च्या कायद्याने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आम्ही गिरणीतली माणसं आठ तासांची पाळी करून घरी जातो, तेव्हा ही आठवण ठेवायला हवी.

हिंदू कोड बिल रखडले तेव्हा, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १३ एप्रिल २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात त्यांची १२५ वी जयंती साजरी झाली.

धम्मबांधवांनो, जगाने जयंती केली, आता आपण काय करायचं? ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे. त्यात पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क २०१६ पासून आहे. एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळते. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. तरीही आपला माणूस घाबरून गावात मिटवून घेतो, नाहीतर साक्षीच्या दिवशी फिरतो. साक्षीदार फुटला की केस पडते, आणि मग कायदाच खोटा आहे असं लोक म्हणतात.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. विहारात वंदना झाल्यावर महिन्यातून एक रविवार कायद्याच्या वाचनाला द्या. शिकलेल्या पोरा-पोरींनी वाचावे, आया-बहिणींनी प्रश्न विचारावेत. कुणाची तारीख असेल तर दोघं-चौघं सोबत कोर्टात जा. बाबासाहेब एका तळ्यासाठी दहा वर्षे कोर्टात उभे राहिले. आपल्याला आपल्या शेजाऱ्यासाठी एक दिवस उभं राहता आलं पाहिजे.

नमो बुद्धाय! जय भीम!