अर्पणपत्रिकेतली गेर्डा

जुनं पुस्तक हातात आलं की तुम्ही आधी काय बघता? युद्धाच्या फोटोंच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणारी मंडळी आधी बघतात, वरचं कागदी वेष्टन शाबूत आहे का? कारण तेच सगळ्यात आधी फाटतं. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेलं 'डेथ इन द मेकिंग' हे अशा संग्राहकांचं एक लाडकं पुस्तक. ते रॉबर्ट कापाचं. पण तुम्हाला ते कधी बघायला मिळालंच, तर वेष्टनापेक्षा अर्पणपत्रिकेपाशी थांबा.

कापाचं खरं नाव एन्द्रे फ्रीडमन. जन्म १९१३, बुडापेस्ट. राजकारणात पडला म्हणून सतराव्या वर्षीच देश सोडावा लागला. बर्लिन गाठलं, तर तिथे हिटलर आला. मग पॅरिस. खिशात पैसे नाहीत, निर्वासिताच्या फोटोंना भाव नाही. तिथे त्याला गेर्टा पोहोरिले भेटली, तीही जर्मनीतून पळून आलेली. दोघांनी मिळून भन्नाट शक्कल लढवली. रॉबर्ट कापा नावाचा एक श्रीमंत अमेरिकन फोटोग्राफर चक्क कल्पनेतून उभा केला आणि त्याच्या नावाने फोटो चढ्या भावात विकायला सुरुवात केली! पुढे एन्द्रे कापा झाला, गेर्टा झाली गेर्डा तारो.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि दोघं कॅमेरे घेऊन तिकडे गेले. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या आघाडीवर सैन्य माघार घेत असताना गेर्डा रणगाड्याखाली सापडली. सत्तावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तिची. कापा तेव्हा तिच्याजवळ नव्हता.

पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. कापाने ते तिलाच अर्पण केलं. फोटो दोघांचे असल्याचंही छापलं, पण कुठला कोणाचा, ते नाही. त्यांचा मित्र चिम याचेही फोटो आत होते, त्याचं तर नावच नाही. कापा जगप्रसिद्ध झाला आणि गेर्डा अनेक वर्षं नुसती त्याची प्रेयसी म्हणून उरली.

कापा मात्र थांबला नाही. ६ जून १९४४ ला तो सैनिकांबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. १९४७ मध्ये मित्रांसोबत 'मॅग्नम' उभी केली. २५ मे १९५४ ला व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडला आणि चाळिसाव्या वर्षी सगळं संपलं.

२००७ मध्ये मेक्सिकोतून तिघांच्या सुमारे ४,५०० हरवलेल्या निगेटिव्ह परत मिळाल्या. २०२० मध्ये पुस्तक नव्याने निघालं, तेव्हा कुठला फोटो कोणाचा, हे त्यात शेवटी सांगितलं गेलं.

मग जुनी प्रत कशाला हवी? कारण चोवीस वर्षांच्या एका मुलाचं दुःख आणि त्याच्या हातून राहिलेली चूक, दोन्ही त्यात जशीच्या तशी आहेत. फुटपाथवर एखादं जुनं पुस्तक दिसलं, तर किंमत विचारण्याआधी ते एक पान नक्की बघा. आणि कोणाचं नाव राहून गेलंय, तेही.