भंगारात जाणारी दारं, दिवे, अडकित्ते जपणारा माणूस : काकासाहेब केळकर

आपल्या तालुक्यातून भाजीची गाडी घेऊन रात्री तुर्भ्याच्या मार्केटला जाणाऱ्यांना तो ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा तोंडपाठ आहे. सध्या त्या बाजूला जुन्या धाटणीच्या फर्निचरला भाव आलाय. सागवानी चौकटीचा आरसा, जुन्या दाराच्या फळीचं टेबल, पितळी कड्या लावलेली पेटी. नवीन झाड तोडावं लागत नाही म्हणून पर्यावरणाला चांगलं, आणि दिसायलाही भारी. शहरातले लोक हौसेनं पैसे मोजतात.

हे लाकूड येतं कुठून? बरंचसं पडक्या वाड्यांतून, म्हणजे तुमच्या-आमच्या गावातून. आमच्या घराचं मागचं दार मीच वजनावर दिलं. घर पाडून स्लॅब टाकायचा होता, टेम्पो दारात उभा होता, अर्ध्या तासात सौदा झाला. दाराच्या वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला होता. त्याचा एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही, आणि मोबाईल खिशातच होता!

अशा वेळी दिनकर गंगाधर केळकर यांची आठवण येते. पुण्यातले लोक त्यांना काकासाहेब म्हणायचे. जन्म 10 जानेवारी 1896, निधन 17 एप्रिल 1990. चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली साठ-सत्तर वर्षं दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या घरगुती वस्तू गोळा करण्यात गेली.

काकासाहेब मूळचे कवी. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. पोटापाण्याला घरचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानात जुन्या सरदार घराण्यांतली माणसं यायची, बोलता बोलता वाड्यावरच्या वस्तूंचा विषय निघायचा. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झालेली. वाडे उभे होते, पण वाड्यांतली ऐपत संपली होती. पितळ मोडीत जात होतं, कोरीव लाकूड चुलीत जात होतं. 1920 च्या सुमारास काकासाहेबांनी हे गोळा करायला सुरुवात केली.

तलवारी, तोफा, राजांची चित्रं जपणारे पुष्कळ होते. काकासाहेबांची नजर मात्र माजघरात आणि स्वयंपाकघरात गेली. समया, साखळीचे दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, भांडी, पाय घासायच्या पितळी वज्र्या. आणि कोरीव दारं-खिडक्या. नुसती महाराष्ट्रातली नाहीत, गुजरात, राजस्थानपासून दक्षिणेपर्यंतची.

अडकित्त्याचंच बघा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळ पुरते. तरी कारागिरानं त्याचा कुठे पोपट केला, कुठे घोडा, कुठे नवरा-बायकोची जोडी. कामाची वस्तू रोज हातात येणार, तर ती देखणी का नसावी, एवढा साधा हिशोब. आज ज्याला इंटेरियर म्हणतात ते आपल्या आज्यांच्या घरात वेगळं विकत आणावं लागत नव्हतं. जुन्या दारांचंही तसंच. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेलं, त्यामुळे एखादी फळी कुजली तर तेवढीच बदलायची आणि बाकीचं दार पुढच्या पिढीला. प्लायवूडचं दार दोन पावसाळे भिजलं की फुगतं, मग ते दुरुस्तही होत नाही.

हा छंद श्रीमंताचा नव्हता. मिळकतीतला पैसा वस्तूंत जायचा, तो पुरेनासा झाला तेव्हा पत्नी कमलाबाईंचे दागिनेही गेले असं सांगतात. कमलाबाई या कामात बरोबरीनं होत्या. वस्तू आणायच्या, पुसायच्या, राहत्या घरात त्यांना जागा करून द्यायची. माणसांची जागा कमी होत गेली, वस्तूंची वाढत गेली. अशा घरात संसार करणं किती अवघड असेल याचा विचार ज्यानं त्यानं करावा. माझ्या मते या संग्रहावर कमलाबाईंचं नाव मोठ्या अक्षरात हवं.

त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. संग्रहालयाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा काकासाहेबांनी त्याचं नाव दिलं : राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे गेलेल्या कित्येकांना वाटतं की ‘राजा’ ही कुठल्या संस्थानिकाची पदवी असेल. ते एका लेकराचं नाव आहे.

कोथरूडला पहिल्या बाजीरावानं मस्तानीसाठी बांधलेला महाल मोडकळीला आला होता. त्याचे उरलेले भाग काकासाहेबांनी आणले आणि संग्रहालयात दालन करून पुन्हा उभे केले. खांब, कमानी, छत. आपण पडक्या घराचं लाकूड ट्रॅक्टरमध्ये टाकतो तेव्हा कुठलं कुठे होतं हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून ते परत कधी उभं राहत नाही.

1960 पर्यंत संग्रह 15,000 वस्तूंच्या घरात गेला होता. आज तो 20,000 च्या वर आहे आणि जागेअभावी त्यातल्या साधारण अडीच हजारच मांडता येतात. हे सगळं विकलं असतं तर काकासाहेबांच्या पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. त्यांनी ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. पुणे विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. कोणाच्या तरी घरातलं दार संग्रहालयात गेलं की ते उघडत नाही, बंद होत नाही, त्याला कोणी तोरण बांधत नाही. ज्या सुतारानं ते कोरलं त्याचं नाव तर आधीच हरवलेलं असतं. गावातली वस्तू शहरात गेली, हे तेव्हाही झालं आणि आताही होतंय. फरक एवढाच की काकासाहेबांकडे गेलेलं दार तिकीट काढून कोणालाही बघता येतं. टेम्पोत गेलेलं आमचं दार आता कोणाच्या हॉलमध्ये टेबल होऊन बसलंय, मला माहीत नाही.

संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडजवळ नातू बागेत आहे. एसटीनं स्वारगेटला उतरलात की रिक्षानं फार वेळ लागत नाही. जमलं तर घरातल्या म्हातारीला बरोबर न्या. काचेमागची निम्मी भांडी कशाला वापरायची ते ती पाटी न वाचता सांगेल.