आवाजाला वेसण घालणारा अभियंता : हिरम पर्सी मॅक्झिम

मोटारीच्या धुराच्या नळीवर बसवलेल्या डब्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. आपल्याकडे मात्र मेकॅनिकपासून वाहतूक पोलिसापर्यंत साऱ्यांच्या तोंडी इंग्रजांकडून आलेला सायलेन्सर हाच शब्द रुळला आहे. या शब्दाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो माणूस म्हणजे अमेरिकन अभियंता हिरम पर्सी मॅक्झिम. कंपनीने दिलेला मफलर काढून बाजारातला दुसरा बसवण्याचा शौक अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या मालकांमध्ये मोठा आहे. आवाज किती भारदस्त हवा, तो केबिनमध्ये किती शिरावा आणि शेजाऱ्यांची झोप कितपत मोडावी, याचा हिशेब त्यांना करावा लागतो. आवाज आणि शांतता यांमधला हाच हिशेब मॅक्झिम यांनी आयुष्यभर मांडला.

२ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे पर्सीचा जन्म झाला. वडील हिरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे अफाट बुद्धीचे आणि तितक्याच लहरी स्वभावाचे संशोधक. काका हडसन मॅक्झिम स्फोटकांचे तज्ज्ञ. १८८१ मध्ये वडील युरोपला गेले आणि पुढे लंडनमध्येच स्थिरावले. पत्नी, मुलगा आणि दोन मुली अमेरिकेतच राहिल्या. पर्सी तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. लंडनमध्ये वडिलांनी १८८४ मध्ये स्वयंचलित मशिनगन सिद्ध केली. मॅक्झिम गन या नावाने तिने आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धांत हजारोंचे प्राण घेतले. संशोधकाला १९०१ मध्ये सर ही पदवी मिळाली. पण आपल्याच तोफाबंदुकांच्या आवाजाने त्यांचे कान निकामी होत गेले. उतारवयात ते जवळजवळ पूर्ण बहिरे झाले होते. ज्या आवाजाने बापाचे कान नेले, तोच आवाज कमी करण्याचे यंत्र पुढे मुलाने घडवले.

पर्सी सोळाव्या वर्षी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला. पुढे लिन येथील तोफगोळ्यांच्या कारखान्यात तो अधीक्षक झाला. १८९२ च्या सुमारास एका रात्री सेलमहून लिनकडे सायकलने परतताना त्याच्या मनात एक कल्पना चमकली. सायकलला पायांऐवजी एखाद्या छोट्या इंजिनाने गती दिली तर? गॅसोलिनच्या ताकदीचा अंदाज घेण्यासाठी त्याने तोफेच्या रिकाम्या काडतुसात त्या द्रवाचे थेंब टाकून ते पेटवून पाहिले. जर्मनीत बेंझ आणि डाइम्लर याच वाटेने बरेच पुढे गेले आहेत, याची त्याला तेव्हा कल्पनाही नव्हती. रात्रीचा दिवस करून त्याने तीन सिलिंडरचे इंजिन तयार केले आणि ते एका तीनचाकीवर चढवले. पहिल्याच फेरीत गाडी उतारावर अनावर झाली आणि आपटली. मात्र इंजिन चालते, हे सिद्ध झाले होते.

१८९५ मध्ये कनेटिकट राज्यातील हार्टफर्डच्या पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने पर्सी मॅक्झिम यांना नोकरी दिली. सायकलींचे हे बडे उत्पादक मोटारीच्या धंद्यात उतरू पाहत होते. परंतु मालक कर्नल अल्बर्ट पोप यांचा ओढा विजेच्या गाडीकडे होता. खाली सतत स्फोट होत असलेल्या आसनावर लोक बसतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे १८९७ मध्ये कंपनीने बाजारात आणली ती विजेवर चालणारी कोलंबिया गाडी. मॅक्झिम यांनी मालकाची मर्जी सांभाळत पेट्रोल गाडीचे कामही चालू ठेवले. १८९९ मध्ये ब्रॅनफर्ड येथे बंदिस्त धावपट्टीवर झालेली शर्यत त्यांनी पेट्रोलच्या गाडीने जिंकली. त्याआधी १८९८ मध्ये मेरीलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

मॅक्झिम यांना नेमबाजीची आवड होती. पण त्या आवाजाचा इतरांना होणारा त्रास त्यांना खटकत असे. बंदुकीचा आवाज होतो तो मुख्यतः नळीतून एकाएकी सुटणाऱ्या तप्त, दाबलेल्या वायूमुळे. हा वायू सावकाश बाहेर सोडता आला तर आवाज उरणार नाही, असे त्यांचे गणित होते. स्नानाच्या टबातील पाणी भोवरा करीत सावकाश खाली जाताना पाहून त्यांना उपाय सुचला, असे सांगितले जाते. वायूलाही असेच गरगर फिरवले तर त्याचा वेग आपोआप मंदावेल! आतील पडद्यांमध्ये वायू घुमवणाऱ्या नळकांड्याचे पेटंट त्यांना ३० मार्च १९०९ रोजी मिळाले. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या संग्रही मॅक्झिम सायलेन्सर लावलेली रायफल होती. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका मात्र या नळकांड्याने थांबत नव्हता. चित्रपटांत दिसणारी निःशब्द बंदूक प्रत्यक्षात फारशी नसते, ती यामुळेच.

या शोधाने कौतुकाबरोबर संशयही ओढवून घेतला. बिनआवाजी बंदूक म्हणजे मारेकऱ्याचे हत्यार, ही धास्ती समाजात पसरली. अखेर १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर लादला. त्या काळी ही रक्कम सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची होती. तोवर मॅक्झिम यांच्या कंपनीने बंदुकीकडे पाठ फिरवून इंजिने, कॉम्प्रेसर आणि जहाजे यांचे आवाज कमी करण्याकडे मोर्चा वळवला होता. बाहेरची हवा आत घेऊन रस्त्यावरचा गोंगाट बाहेरच ठेवणारे खिडकीचे यंत्रही त्यांनी बनवले. मोटारीच्या इंजिनासाठी मफलर घडवताना त्यांना बंदुकीचेच तत्त्व उपयोगी पडले. इंजिनही शेवटी एकामागून एक बार काढणारी बंदूकच असते!

या तत्त्वाच्या दोन शाखा आजच्या बाजारात दिसतात. एका प्रकारच्या मफलरमध्ये आडवे पडदे घालून कप्पे केलेले असतात. त्यांवर आपटून परतणाऱ्या ध्वनिलहरी एकमेकींना छेद देतात. याचा आवाज जाड आणि घुमणारा असतो. दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेली आरपार नळी आणि तिच्याभोवती ठासलेली काचेची लोकर असते. वायूला अडथळा कमी होतो, लोकर ध्वनीचे उष्णतेत रूपांतर करते आणि आवाज मोकळा, पण मोठा येतो. कालांतराने लोकर जळून झडली की तो आणखी वाढतो. दोन्ही प्रकारांत डबा जितका मोठा, तितका आवाज सामान्यतः कमी.

खरी परीक्षा होते ती हमरस्त्यावर. आठ सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला चार स्फोट होतात. मिनिटाला १८०० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला १२० स्फोट झाले. नेमक्या या कंप्रतेला पिकअपची बंद केबिन साथ देऊ लागली, की दुकानात दहा मिनिटे सुखावणारी गुरगुर दोन तासांच्या प्रवासात डोके उठवते. मागे जड ट्रेलर जोडला तर हा घुमारा आणखी जाणवतो. त्यावर उपाय म्हणून नळीच्या बाजूला बंद तोंडाची साधारण मीटरभर लांबीची दुसरी नळी जोडतात. तिच्यातून उलट परतणारी लहर त्या विशिष्ट कंप्रतेचा निकाल लावते. म्हणून जाणकार मालक आधी गाडी रिकामी धावणार की ओझे ओढणार, प्रवास शहरातला की दूरचा, धुराची नळी कोठे उघडते आणि राज्याचा कायदा काय सांगतो, हे पाहतो. कॅलिफोर्नियात ६००० पौंडांखालील वाहनांना ९५ डेसिबलची मर्यादा आहे. महाराष्ट्रातही कर्कश आवाजासाठी बदललेले मोटारसायकलींचे सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याचे प्रसंग घडले आहेत.

मॅक्झिम यांच्या प्रतिभेला एका क्षेत्राचे बंधन नव्हते. हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला बिनतारी संदेश थेट पोहोचेना, तेव्हा मधल्या गावातील हौशी प्रक्षेपकाने तो पुढे धाडला. त्यातून सूत्र सापडले आणि १९१४ मध्ये क्लॅरेन्स टस्का या तरुणाच्या साथीने त्यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग ही हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभारली. १९२५ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांनाही एकत्र आणले. संघटनेच्या ‘क्यूएसटी’ मासिकात म्हातारबा या अर्थाच्या टोपणनावाने ते रेडिओवरील गोंगाटावर तिरकस लेख लिहीत. हा म्हातारबा कोण, याचा उलगडा त्यांच्या मृत्यूनंतरच वाचकांना झाला.

ज्या वडिलांनी घर सोडले, त्यांच्याविषयी मॅक्झिम यांनी अखेरच्या काळात ‘अ जीनियस इन द फॅमिली’ हे पुस्तक लिहिले. त्यात कडवटपणा नाही. आहेत त्या लहरी बापाच्या गमतीजमती. १९३६ मध्ये पत्नीसह एक वेधशाळा पाहण्यासाठी ते निघाले. वाटेत घशाचा विकार बळावल्याने त्यांना गाडीतून उतरवावे लागले आणि १७ फेब्रुवारी रोजी कोलोरॅडोतील ला हंटा येथे त्यांचे निधन झाले. मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

डब्ल्यू वन ए डब्ल्यू हा त्यांचा रेडिओ-संकेत संघटनेच्या न्यूइंग्टन येथील केंद्राने स्मृती म्हणून जपला आहे. त्यांच्या सायलेन्सरला मात्र असे स्मारक लाभले नाही. ते रोज रस्त्यावरून, प्रत्येक वाहनाच्या मागे, धुरकटलेल्या डब्यात फिरत असते. वाहन शांतपणे निघून गेले, तर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.