शिरोडकरांचा टाका

जगात जेथे जेथे प्रसूतिशास्त्र शिकवले जाते, तेथे विद्यार्थ्यांना एक गोमंतकीय आडनाव तोंडपाठ करावेच लागते. गर्भाशयाचे मुख अवेळी उघडून दिवस भरण्याआधीच गर्भ गमावण्याची वेळ ज्या स्त्रीवर वारंवार येते, तिच्या गर्भाशयमुखाला घातला जाणारा टाका ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो. त्याचे जनक डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. नाव जगभर गेले. पण टाक्याचा नेमका उपयोग कोणाला, या प्रश्नाचे उत्तर मिळायला डॉक्टरांच्या हयातीपेक्षा अधिक काळ लागला.

२७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा येथे त्यांचा जन्म झाला. (वि. स. खांडेकरांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले शिरोडे ते नव्हे. हे फोंडा तालुक्यातील.) गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता. शालेय शिक्षणासाठी ते हुबळीला गेले आणि तेथून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ मध्ये एम.बी.बी.एस., १९२७ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम.डी. आणि १९३१ मध्ये इंग्लंडमधील एफ.आर.सी.एस. अशी त्यांची वाटचाल झाली. परतल्यावर जे. जे. रुग्णालय हीच त्यांची कर्मभूमी ठरली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात ते प्राध्यापक झाले.

त्यांचा पिंड शस्त्रक्रियेतील संशोधकाचा होता. अंग बाहेर येण्याच्या विकारात गर्भाशय काढून टाकण्याऐवजी ते पट्टीच्या आधाराने पूर्ववत जागी बसवायचे आणि स्त्रीची अपत्यक्षमता राखायची, हा त्यांचा आग्रह होता. बीजवाहिन्यांतील अडथळा दूर करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी नव्या युक्त्या योजल्या; या कामी वापरला जाणारा एक चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखतात. परंतु त्यांना अमर केले ते टाक्याने.

चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे येत. सक्तीची विश्रांती आणि संप्रेरकांची इंजेक्शने हे त्या काळचे उपाय होते आणि ते बहुधा निष्फळ ठरत. गर्भाशयमुखाचे आतील द्वारच दुबळे असावे, ही शंका इतरांनाही आली होती. शिकागोच्या लॅश आणि लॅश या लेखकद्वयाने १९५० मध्ये अशा दुबळ्या भागाची दुरुस्ती सुचवली होती. पण ती स्त्री गरोदर नसताना करायची होती, आणि दुरुस्तीनंतर काही जणींना दिवसच राहत नसत. शिरोडकरांनी नेमके उलट पाऊल उचलले. गर्भ पोटात असतानाच, द्वार उघडू लागल्याचे बोटांना जाणवताच शस्त्रक्रिया करायची, असे त्यांनी ठरवले. योनीमार्गातून छेद घेऊन मूत्राशय वर सरकवायचे, त्याच स्त्रीच्या मांडीच्या स्नायूवरील आवरणाची चिवट पट्टी काढून घ्यायची आणि ती आतील द्वाराच्या पातळीवर त्वचेखालून फिरवून बांधून टाकायची. पुढे या पट्टीची जागा कृत्रिम फितीने घेतली.

१९५५ मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लेख जेमतेम दोन पानांचा होता. सुमारे ३० स्त्रिया, प्रत्येकीला आधी किमान चार वेळा गर्भ गमावल्याचा इतिहास. काहींच्या बाबतीत हा आकडा अकरापर्यंत गेलेला. त्यांनी कोणालाही सरसकट टाका घातला नव्हता. वारंवार आतून तपासणी करून द्वाराचा दुबळेपणा ज्यांच्या बाबतीत सिद्ध झाला, त्यांच्यापुरतेच त्यांनी आपले काम मर्यादित ठेवले होते. लेखातील ही मर्यादा, पुढे काय घडले हे पाहता, टाक्याइतकीच मोलाची होती.

पुढे टाका पसरला आणि मर्यादा मागे पडली. मेलबर्नचे डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी १९५७ मध्ये ७० स्त्रियांवरील सोपी पद्धत मांडली. मूत्राशय न हलवता, बटव्याच्या नाडीसारखा वरच्यावर टाका ओढायचा, ही ती पद्धत. करायला सोपी आणि काढायलाही सोपी असल्याने ती लोकप्रिय झाली. शिरोडकरांनी १९६० मध्ये एडिंबरा येथून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात आपल्या साऱ्या शस्त्रक्रियांचा लेखाजोखा मांडला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. मात्र तोवर एक-दोनदा गर्भपात झालेल्या स्त्रीलाही केवळ काळजीपोटी टाका घालण्याची प्रथा अनेक देशांत रुजली होती.

येथेच खरा पेच होता. ज्या स्त्रीची पाच मुले गेली आणि टाक्यानंतर सहावे हाती लागले, तिच्या लेखी टाका हा चमत्कारच. पण वारंवार गर्भ गमावणाऱ्या काही स्त्रियांना पुढच्या खेपेस काहीही न करता मूल होते, हेही तितकेच खरे. जुन्या अपयशाशी नव्या यशाची तुलना केली, की कोणताही उपाय गुणकारी भासतो. टाका निर्धोकही नव्हता. जंतुसंसर्ग, पाणमोट फुटणे यांचा धोका होताच. शिवाय प्रसूतीपूर्वी तो काढावा लागे. कळा सुरू झाल्या आणि टाका आतच राहिला, तर गर्भाशयमुख फाटू शकते. कर्जत-खालापूरच्या डोंगरातील ठाकूर-कातकरी वाड्यांवरून येणाऱ्या स्त्रीला भायखळ्याला उतरून जे. जे. गाठणे एकदा जमेल. नवव्या महिन्यात टाका काढण्यासाठी वेळेवर पुन्हा पोहोचणे ही वेगळीच परीक्षा. शिरोडकरांची पट्टी खोल पुरलेली असल्याने अनेकदा ती तशीच ठेवून पोट उघडून प्रसूती केली जाई. उपायाचे मोल ठरवताना हे सारे हिशेबात धरणे आवश्यक होते आणि कित्येक वर्षे ते कोणी धरले नाही. आपल्याकडे नाव मोठे झाले की चिकित्सा थांबते म्हणावे, तर येथे परदेशातही तेच घडले.

७ मार्च १९७१ रोजी शिरोडकरांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले होते. टाक्याची पहिली कठोर परीक्षा पाहण्यास मात्र ते उरले नाहीत.

१९८४ मध्ये फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिकेतील दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने स्त्रियांचे दोन गट पाडून एकाला टाका घातला, दुसऱ्याला नाही. टाक्याचा स्पष्ट लाभ दिसला नाही. उलट टाका घातलेल्यांच्या रुग्णालयातील फेऱ्या वाढल्या. या चाचण्यांत प्रामुख्याने मध्यम जोखमीच्या स्त्रिया होत्या. मग १९९३ मध्ये बारा देशांतील १२९२ स्त्रियांच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेहतीस आठवड्यांपूर्वी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण टाका घातलेल्या गटात १३ टक्के आणि न घातलेल्या गटात १७ टक्के होते. म्हणजे अशी एक अकाली प्रसूती टाळण्यासाठी सुमारे २५ स्त्रियांना टाका घालावा लागतो. पण ज्यांच्या तीन वा अधिक गर्भधारणा दिवस भरण्यापूर्वीच संपल्या होत्या, त्या लहान गटात हे प्रमाण १५ विरुद्ध ३२ टक्के होते. शिरोडकरांनी ज्या स्त्रियांची निवड केली होती, त्यांच्याशी या गटाचेच साम्य होते.

त्यानंतर सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजणे शक्य झाले आणि बोटांनी घेतलेल्या अंदाजाला मोजपट्टीची जोड मिळाली. जुळी मुले असताना केवळ मुख आखूड दिसते म्हणून टाका घातल्यास लाभाऐवजी अपायाची शक्यता असते, असे २००५ मधील एका संकलनात आढळले. नव्या शस्त्रक्रियेची कल्पना, विकास, पडताळणी, तुलनात्मक मूल्यमापन आणि दीर्घकालीन निरीक्षण अशा पाच पायऱ्या सांगणारी चौकट ऑक्सफर्डमधील बैठकांतून आकाराला आली व २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. शिरोडकरांचा दोन पानांचा लेख या चौकटीत पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बसतो. तिसरी पायरी बहुतांशी गाळून जगाने थेट वापर सुरू केला होता.

२०२२ मध्ये ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत टाक्यासाठी एकपदरी धागा वापरावा की विणलेला, एवढाच प्रश्न तपासला गेला. गर्भ गमावण्याचे प्रमाण दोन्ही गटांत आठ टक्क्यांच्या आसपास निघाले.