खराट्याचे व्रत : संत गाडगेबाबा

आपल्या परीट समाजात जन्मलेल्या, परंतु कोणत्याही एका समाजाचे होऊन न राहिलेल्या संत गाडगेबाबांचे पुण्यस्मरण करताना आम्हांस अभिमान वाटतो; आणि किंचित संकोचही वाटतो.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. पितृछत्र बालपणीच हरपल्यामुळे ते दापुरे येथे मामांकडे वाढले. तेथेच त्यांनी गुरे राखली, शेतात कष्ट केले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती मातीचे गाडगे आणि खराटा, एवढाच त्यांचा संसार उरला.

एखाद्या गावी पोहोचताच बाबा कामास लागत. रस्ते झाडावेत, तुंबलेल्या नाल्यांतील गाळ उपसावा, साचलेल्या सांडपाण्यास वाट करून द्यावी, हीच त्यांची पूजा होती. हे काम अमुक जातीचे, ही समजूत त्यांनी कोणताही वाद न घालता स्वतःच्या हातांनी खोडून काढली. रात्री कीर्तनात ते व्यसन, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत आणि मुलांना शिकविण्याचा आग्रह धरीत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

आता आमच्या संकोचाचे कारण. बाबांच्या तसबिरीस आपण हार घालतो; पण घरामागील नाली साफ करणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम, असेच मानतो. हत्तीरोग पसरविणारा डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. नालीतील गाळ पावसाळ्यापूर्वीच काढला पाहिजे. तो काठावर न टाकता दूर नेला पाहिजे. नाहीतर पहिल्याच पावसात तो पुन्हा नालीत उतरतो. उष्टेखरकटे, राख व प्लॅस्टिक तीत जाऊ देता कामा नये.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांची वस्त्रे उजळ केली, त्याच्या परसात घाण पाणी तुंबावे, हे शोभत नाही. म्हणून ज्ञातिबंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे : येत्या जयंतीस हार आणण्यापूर्वी प्रत्येक घराने आपली नाली स्वतः साफ करावी. बाबांना ते वंदन अधिक आवडेल.