डोंगराची खूण जपणारी लेखिका

‘पीटर रॅबिट’च्या जनक बीट्रिक्स पॉटर यांनी आयुष्याचा उत्तरार्ध मेंढ्यांच्या संगोपनात वेचला, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. लंडनच्या सधन कुटुंबात २८ जुलै १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९०५ मध्ये नियोजित वर नॉर्मन वॉर्न यांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील हिल टॉप ही शेतवाडी विकत घेतली. १९१३ मध्ये तेथील वकील विल्यम हीलिस यांच्याशी विवाह करून त्या तिथल्याच झाल्या.

त्या डोंगराळ मुलखातील हर्डविक मेंढी अत्यंत काटक. मात्र तिची लोकर भरड असल्याने भाव बेताचाच. कुंपण नसलेल्या डोंगरावर आपली चराईची हद्द कोणती, हे कोकरू आईमागे फिरूनच शिकते. त्यामुळे कळप एकदा विकला गेला, की पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान लोपते. नव्या मेंढ्या आणून ते परत मिळत नाही. पॉटर यांनी हे अचूक ओळखले. १९२३ मध्ये त्यांनी ट्राउटबेक पार्क हे विस्तीर्ण शेत घेतले, रोगाने ग्रासलेला तिथला कळप सावरला आणि टॉम स्टोरी या जाणत्या मेंढपाळाच्या साथीने प्रदर्शनांत पारितोषिकेही पटकावली.

हर्डविक पैदासकार संघाच्या अध्यक्षपदी निवड होऊनही ते पद स्वीकारण्यापूर्वीच, २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला दिली. डोंगरावरील शेतांत हर्डविकचेच कळप राखावेत, ही इच्छाही मृत्युपत्रात नोंदवली. जमिनीइतकीच तिच्यावरची मेंढीही वारसा असते, याचे भान त्यामागे होते.